मंडई कुणाच्या नावाची?

पुण्याच्या मंडईला महात्मा फुले मंडई म्हणतात हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण ही मंडई बांधायला नगरपालिकेत विरोध करणाऱ्यांत खुद्द फुलेच होते, हे किती जणांना माहीत आहे? मला ते बऱ्याच उशिरा, धनंजय कीरांचं फुल्यांचं चरित्र वाचताना कळलं. आधी हसू आलं. मग वाटलं, ही नुसती गंमत म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही. सार्वजनिक पैसा आधी कशावर खर्च करायचा, हा वाद त्यात आहे आणि तो काही जुना झालेला नाही.

जोतीराव १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. तेव्हा सभासद सरकार नेमायचं. शहरातले प्रतिष्ठित, पेन्शनर, सावकार, वकील अशी मंडळी असायची आणि वर सरकारी अधिकारी. अशा सभेत सरकारच्या मर्जीविरुद्ध बोलायला कोण जातंय? नगरपालिकेची मोठी मिळकत म्हणजे जकात, शहरात येणाऱ्या मालावरची. म्हणजे डोक्यावर भाजीची पाटी घेऊन येणारा माळी नाक्यावर पैसे मोजायचा आणि त्या पैशाचं काय करायचं ते ज्यांनी कधी पाटी उचलली नाही ते ठरवायचे. जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये या जकातीबद्दल चांगलंच सुनावलं आहे.

पहिला प्रसंग लॉर्ड लिटनचा. व्हाइसरॉय पुण्याला येणार म्हणून शहर सजवायचं ठरलं आणि त्यासाठी एक हजार रुपये मंजूर करावेत असा प्रस्ताव नगरपालिकेपुढे आला. आता हा लिटन कोण, तर १८७६-७७ च्या दुष्काळात दख्खन आणि मद्रास इलाख्यात माणसं मरत असताना १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत थाटामाटात दरबार भरवणारा. त्याच दुष्काळात जोतीराव आणि त्यांचे सत्यशोधक सहकारी धनकवडीला उपाशी मुलांसाठी अन्नछत्र चालवत होते. आपण त्या मुलांना जेवू घातलेलं असलं तर पताकांचा खर्च कसा दिसेल? जोतीराव म्हणाले, हे पैसे गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा. ३२ नेमलेल्या सभासदांत विरोधाचं मत पडलं ते एकट्या जोतीरावांचं. प्रस्ताव अर्थातच मंजूर झाला.

इथपर्यंत आपण सगळे जोतीरावांच्या बाजूचे. रोषणाईपेक्षा शाळा बरी, हे म्हणायला आज काही लागत नाही. खरी पंचाईत पुढे आहे.

शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात तेव्हा उघड्यावर भाजीबाजार भरायचा. ऊन, पाऊस, चिखल, सगळं तसंच. नगरपालिकेनं शुक्रवार पेठेत पक्की मंडई बांधायचं ठरवलं. खर्च सुमारे तीन लाख रुपये, त्या काळात अवाढव्य रक्कम. १८८६ मध्ये मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या हस्ते उद्घाटन झालं आणि इमारतीला 'रे मार्केट' नाव मिळालं. मधला अष्टकोनी मनोरा, उतरती छपरं, दगडी काम... वास्तू सुंदर आहे यात वादच नाही. आणि उपयोगी तर आहेच. सव्वाशेहून जास्त वर्षं या छपराखाली पुण्याची भाजी विकली गेली.

मग अशा कामाला जोतीरावांनी विरोध का केला? कुणी म्हणेल, आडमुठेपणा. मला तसं वाटत नाही. कारण भाजीपाल्याचा धंदा आणि बांधकाम या दोन्ही गोष्टी त्यांना आतून माहीत होत्या. जन्म माळ्याच्या घरात. स्वतः पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी चालवलेली, बांधकामाची कंत्राटं घेतलेली. मंडई बांधली तर भाजीवाल्याच्या डोक्यावर छप्पर येईल हे त्यांना कळत नव्हतं असं कोण म्हणेल? त्यांचं म्हणणं एवढंच होतं की हा पैसा आधी गरिबांच्या मुलांच्या शिक्षणाला द्या. छप्पर नको असं नव्हे, छपराआधी शाळा.

हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. चांगलं काम आणि वाईट काम यात निवड करायची असेल तर सभा कशाला हवी? ते कुणीही करील. अंदाजपत्रक अवघड होतं ते दोन चांगल्या कामांत एकाचाच नंबर लागणार असतो तेव्हा. त्यात इमारत दिसते, शाळेतलं पोर दिसत नाही. इमारतीचं उद्घाटन करता येतं, तिच्यावर नाव कोरता येतं. पहिली-दुसरीत शिकणाऱ्या मुलाचं उद्घाटन कसं करणार? त्याचा परिणाम दिसायला वीस वर्षं लागतात आणि तोवर सभासद बदललेले असतात.

जोतीराव हे नुसतं सभेत बोलून थांबले नाहीत. १९ ऑक्टोबर १८८२ ला त्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिलं. सरकार वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च करतं आणि ज्या रयतेकडून महसूल येतो ती अडाणीच राहते, हा त्यातला मुख्य मुद्दा. त्यात नगरपालिकांबद्दलही लिहिलं आहे. मोठ्या शहरांत प्राथमिक शाळांचा सगळा खर्च नगरपालिकांकडून घ्या, पण कारभार मात्र पूर्णपणे त्यांच्या हाती देऊ नका, त्यावर शिक्षणखात्याची देखरेख ठेवा. सहा वर्षं आत बसून आलेल्या माणसाचं हे मत आहे, बाहेरून दगड मारणाऱ्याचं नाही.

'पैसे कमी आहेत, आधी कोण?' हा प्रश्न त्याच नगरपालिकेपुढे पुन्हा आला. १९१८ च्या कायद्यानं नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करायची मुभा मिळाली. पुण्यात १९२० मध्ये वाद पेटला की सक्ती फक्त मुलांना करायची की मुलींनाही. टिळकांचा पक्ष म्हणत होता, पैसा पुरणार नाही, तेव्हा आधी मुलांपुरतं करू. रमाबाई रानडे, विठ्ठल रामजी शिंदे आणि त्यांच्याबरोबरची मंडळी मुलींसाठी उभी राहिली, बायकांचा मोर्चाही निघाला. फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली १८४८ मध्ये. बहात्तर वर्षांनी पुणं अजून 'आधी कोण'वरच अडलं होतं!

पुढची कथा आणखी वळणाची. १९२४ मध्ये याच मंडईजवळ टिळकांचा पुतळा उभा राहिला. अनावरण मोतीलाल नेहरूंनी केलं. पुढच्याच वर्षी फुल्यांचा पुतळा उभारावा अशी सूचना नगरपालिकेत आली, तिच्यावरून गावभर रणकंदन झालं आणि ती फेटाळली गेली. मग १९३८ च्या सुमारास आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकारानं 'रे मार्केट'चं नाव बदललं आणि ते महात्मा फुले मंडई झालं. तीन लाखांना ज्यांचा विरोध, त्यांचंच नाव त्या तीन लाखांवर. मुंबईतही तेच. आर्थर क्रॉफर्ड या कमिशनरच्या उधळपट्टीविरुद्ध करदाते खवळले होते आणि त्यातून १८७२ चा नवा कायदा आला. त्या क्रॉफर्डच्या नावाच्या मार्केटलाही आज महात्मा जोतिबा फुले यांचंच नाव आहे.

अत्र्यांचा हेतू उत्तम होता, यात मला शंका नाही. ज्यांचा पुतळाही गावाला नको होता त्यांचं नाव गावाच्या तोंडी रोज येईल अशा ठिकाणी लावलं, हे मोठंच काम. भाजी घेणाऱ्या-विकणाऱ्या माणसांच्या गजबजाटाइतकी योग्य जागा जोतीरावांसाठी दुसरी कुठली? पण नाव देण्यात एक धोकाही असतो. नाव दिलं की माणसाचा प्रश्न मिटला असं आपल्याला वाटायला लागतं.

तो मिटलेला नाही. आपापल्या गावच्या नगरपालिकेचं अंदाजपत्रक दरवर्षी पेपरात येतं. आपण काय वाचतो? पाणीपट्टी वाढली का, मिळकतकर वाढला का, आपल्या गल्लीतला रस्ता त्यात आहे का. मीही तेवढंच वाचत असे. आता आणखी दोन रकाने शोधते. स्वागतकमानी, कारंजी, सुशोभीकरण यांच्यापुढचा आकडा आणि नगरपालिकेच्या शाळांपुढचा आकडा. मग सभेत कोण काय बोललं तेही बघते. विरोधात एखादं मत पडलं असेल तर ते कुणाचं आणि कशासाठी, हे मुद्दाम वाचते. बहुतेक वेळा ते राजकारणच असतं. पण प्रत्येक वेळी नसतं, आणि ३२ जणांत एकच हात वेगळा वर गेला म्हणून तो हात चुकीचा ठरत नाही.