फाशीच्या डोंगरावरची देवराई आणि आपला उंबर

आपली सोसायटी उभी राहिली तेव्हा गंगापूर रोडला अजून द्राक्षांचे मळे दिसायचे. पंचवीस वर्षांत मळे गेले, इमारती आल्या. आपलीही त्यातलीच एक, हे मान्य करूनच लिहितो.

5 जून 2015, जागतिक पर्यावरण दिन. सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर देवराई उभी करण्यासाठी ‘आपलं पर्यावरण’ संस्थेचे शेखर गायकवाड यांनी नाशिककरांना हाक दिली होती. वनखात्याच्या जागेवर एका दिवसात दहा हजारांहून अधिक देशी रोपे लागली. देशीच का? तर आपल्याकडच्या डोंगरांवर पूर्वी सर्रास लावलेला गिरिपुष्प मूळचा मध्य अमेरिकेतला. वाढतो झपाट्याने, पण आपल्या पाखरांच्या फारसा उपयोगाचा नाही. उंबर, पळस, काटेसावर यांच्यावर मात्र पाखरांची पंगतच बसते.

आपल्या सोसायटीतून दोन रिक्षा भरून आम्ही गेलो होतो. मी उंबराचं रोप लावलं, फोटो काढला, घरी येऊन जेवलो आणि विसरलो.

पुढच्या उन्हाळ्यात नातवाने हट्ट धरला, “आजोबा, आपलं झाड दाखवा.” गेलो तर रोप जिवंत! भोवती नीट आळं, त्यात पालापाचोळा, आणि एक कॉलेजची मुलगी कॅनने पाणी घालत होती. “काका, हे तुमचं का?” तिनं विचारलं. मला ‘हो’ म्हणवेना. बँकेत उभी हयात लोकांना सांगितलं, की नुसतं रिकरिंग खातं उघडून भागत नाही, हप्ता भरावा लागतो. इथे माझाच हप्ता दुसरं कुणी भरत होतं.

त्यानंतर आम्ही चौघं-पाचजण जमेल तसे रविवारी जाऊ लागलो. पाणी घालायचं, तण काढायचं, वणवा पसरू नये म्हणून जाळरेषेतलं वाळलेलं गवत उचलायचं. गुडघे कुरकुरतात, तेव्हा नुसतं आळं सारखं करतो.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळं आहे. आपल्या कुंपणाच्या कोपऱ्यातला उंबर कुणी लावलेला नाही, पाखरांनीच आणला. तो तोडून दोन गाड्यांची जागा करावी, असा विषय येत्या सर्वसाधारण सभेत आहे. 1975 च्या कायद्यानुसार त्याला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागेलच. पण त्याआधी आपली सगळ्यांची संमती लागेल. माझी नाही.

मत देण्यापूर्वी सभासदांनी एकदा पहाटे त्या झाडाखाली उभं राहावं, एवढीच विनंती.