दहा सेंटचं कॉमिक आणि १३० डॉलरचा चेक

१ मार्च १९३८ या तारखेचा एक चेक आहे. रक्कम ४१२ डॉलर. डिटेक्टिव्ह कॉमिक्स या प्रकाशनसंस्थेने तो जेरी सीगल आणि जो शूस्टर या क्लीव्हलँडच्या दोन तरुणांच्या नावे काढला होता. दोघांच्याही नावांचं स्पेलिंग चुकलेलं. त्यातले १३० डॉलर होते ‘सुपरमॅन’चे: पहिल्या गोष्टीचे आणि त्यासोबत त्या पात्राच्या सगळ्या हक्कांचे. २०१२ साली हा वठलेला चेक लिलावात १ लाख ६० हजार डॉलरला गेला.

सुपरमॅन पहिल्यांदा दिसला तो ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात. अंकावर तारीख जून १९३८, किंमत दहा सेंट. २०२४ मध्ये त्याच अंकाची एक प्रत ६० लाख डॉलरला विकली गेली. दहा सेंटपासून इथपर्यंतचा हिशोब नेमका केला कोणी?

अमेरिकेच्या करकायद्यात ‘रास्त बाजारभावा’ची व्याख्या आहे. घेणारा राजी, देणारा राजी, दोघांवरही सक्ती नाही आणि दोघांनाही वस्तूबद्दल पुरेशी माहिती आहे. अशा सौद्यात जी किंमत ठरेल ती रास्त. ऐकायला सोपं आहे. पण कॉमिक्सच्या बाबतीत यातली शेवटची अट, म्हणजे माहिती, कित्येक वर्षं कोणाकडेच नव्हती.

कारण ही वस्तू जपायची नव्हतीच. स्वस्त कागदावर छापायची, पोरांनी वाचून फेकायची. दुसऱ्या महायुद्धात रद्दी गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या, त्यात ढिगांनी कॉमिक्स गेली. उरलेली घर आवरताना गेली. म्हणून तर जी राहिली ती दुर्मीळ झाली.

१९७० साली टेनेसीच्या रॉबर्ट ओव्हरस्ट्रीटने कॉमिक्सच्या किमतींचं पुस्तक काढलं. कुठला अंक, कुठल्या अवस्थेत, किती डॉलर. पुढे दर वर्षी नवी आवृत्ती येत गेली आणि दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघंही एकच पुस्तक उघडून घासाघीस करू लागले. पण छापील यादी बाजाराच्या मागून चालते. शिवाय तिच्यातला भाव दुकानात विकण्याचा. तुम्ही तोच अंक दुकानदाराला विकायला गेलात तर हातात त्यातला काही हिस्साच पडतो.

माहिती एकाच बाजूला असली की काय होतं, ते १९७७ मध्ये दिसलं. कोलोरॅडोतल्या एडगर चर्च नावाच्या चित्रकाराच्या घरात हजारो जुनी कॉमिक्स जवळपास कोरी राहिली होती. घरच्यांना जागा मोकळी करायची होती. चक रोझान्स्की या तरुण दुकानदाराने तो साठा विकत घेतला आणि पुढे त्यातले अंक ओव्हरस्ट्रीटच्या यादीपेक्षा चढ्या भावाने विकले. कायद्याने व्यवहार चोख. पण त्या घरातल्या माणसांनी यादी पाहिली असती तर?

राहिला प्रश्न अवस्थेचा. ‘उत्तम स्थिती’ हा विकणाऱ्याचा शब्द. घेणाऱ्याला त्यात घडी, डाग, गंजलेली पिन दिसते. २००० साली सीजीसी ही कंपनी आली. ती अंक तपासते, ०.५ ते १० यांच्या दरम्यान गुण देते आणि प्लास्टिकच्या डबीत बंद करते. डागडुजी केलेली असेल तर लेबलचा रंगच वेगळा. त्यामुळे सारख्याला सारखं लावून बघणं शक्य झालं. २०१० मध्ये ‘अ‍ॅक्शन’ पहिल्या अंकाची ८.५ गुणांची प्रत १५ लाख डॉलरला गेली होती. २०२४ ची ६० लाखांची प्रतही ८.५ चीच.

म्हणजे जुनं ते सोनं? तसंही नाही. नव्वदच्या दशकात अशा बातम्या वाचून लोकांनी गुंतवणूक म्हणून नवी कॉमिक्स घेतली, एकेका अंकाच्या पाच-पाच प्रती. १९९१ चा ‘एक्स-मेन’चा पहिला अंक ८० लाखांहून जास्त छापला गेला. सगळ्यांनीच जपून ठेवला, त्यामुळे तो दुर्मीळ कधी झालाच नाही. फुगा फुटला, दुकानं बंद पडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये खुद्द मार्व्हलने दिवाळखोरी जाहीर केली.

आता आपल्या माळ्यावर या. ‘इंद्रजाल कॉमिक्स’ १९६४ मध्ये सुरू झालं, १९९० मध्ये बंद पडलं. वेताळाचा एखादा जुना अंक सापडला की आपण फोनवर शोधतो आणि कोणीतरी लावलेला हजारोंचा आकडा बघून हरखतो. तो भाव नव्हे, ती विकणाऱ्याची इच्छा. खरोखर विकले गेलेले व्यवहार बघा. तोच अंक, तीच भाषा, तशीच अवस्था. एकच मोठा आकडा धरून बसू नका. पाच-सहा व्यवहार काढा आणि मधला आकडा घ्या. त्यातून कमिशन आणि कुरिअर वजा करा. पावसाळ्याने कागद लाटावला असेल किंवा वाळवीने कोपरा खाल्ला असेल, तर स्वतःशी प्रामाणिक राहून गुण कापा.

एवढं करून जो आकडा येईल तो रास्त बाजारभाव. पण मला तो चेक सोडत नाही. व्याख्या लावून बघा: सीगल आणि शूस्टर राजी होते, प्रकाशक राजी होता, आणि सुपरमॅनचं पुढे काय होणार हे दोघांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. तेव्हा १३० डॉलर हाच बाजारभाव होता. पुढे सुपरमॅनवर इतरांनी अमाप कमावलं आणि हे दोघे हलाखीत राहिले. १९७५ मध्ये जाहीर बोभाटा झाल्यावर वॉर्नरने त्यांना दर वर्षी प्रत्येकी २० हजार डॉलर देण्याचं आणि सुपरमॅनवर पुन्हा त्यांचं नाव घालण्याचं मान्य केलं. ही रक्कम कुठल्या यादीतून आली नव्हती. लोकांना लाज वाटली, म्हणून आली.

भाव बाजार सांगतो, आणि तो नीट काढता यायला हवा. पण तो न्याय्य होता का, हे बाजाराला विचारून कळत नाही.