ऑनलाइन दुकान हॅक कसं होतं? आणि त्यापासून वाचायचं कसं?

साड्या, मसाले, दिवाळीचा फराळ, हापूसच्या पेट्या. इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवर सुरू झालेला व्यवसाय थोडा वाढला की पुढची पायरी असते स्वतःच्या वेबसाइटची. डोमेन घेतलं, ओळखीतल्या कुणाकडून साइट बनवून घेतली, पेमेंट गेटवे जोडला की दुकान सुरू होतं. सुरक्षेचा विषय निघाला की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: "आपलं दुकान एवढंसं, आपल्याला कोण हॅक करणार?"

पण हल्लेखोर सहसा दुकान बघून हल्ला करतच नाहीत. त्यांचे बॉट्स, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, इंटरनेटवरच्या लाखो साइट्स तपासत फिरतात. जिथे जुनं सॉफ्टवेअर किंवा सोपा पासवर्ड सापडेल, तिथे ते शिरतात. दुकानाची उलाढाल किती, हे त्या प्रोग्रॅमला ठाऊकही नसतं.

मग हे हल्ले नेमके होतात कसे? त्यासाठी आधी एका मोठ्या कंपनीचं प्रकरण पाहू.

२२ ओळींचा कोड आणि लाखो ग्राहक

सप्टेंबर २०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेज या विमान कंपनीनं जाहीर केलं की, तिच्या वेबसाइट आणि ॲपवरून तिकीट काढणाऱ्यांचे कार्ड तपशील चोरीला गेले आहेत. रिस्कआयक्यू या सायबर सुरक्षा कंपनीनं तपास केला, तेव्हा साइटवरच्या एका जुन्या जावास्क्रिप्ट फाइलमध्ये अवघ्या २२ ओळींचा जास्तीचा कोड सापडला.

त्या कोडचं काम साधं होतं. ग्राहकानं कार्डची माहिती भरून बटण दाबलं की त्या माहितीची एक प्रत चोरांच्या सर्व्हरवर जायची. तिकीट नेहमीसारखं बुक व्हायचं, पैसेही कंपनीलाच मिळायचे. त्यामुळे ग्राहकाला किंवा कंपनीला काही बिघडलंय अशी शंका येण्याचं कारणच नव्हतं.

चोरांनी 'बीएवेज डॉट कॉम' असं कंपनीच्याच नावासारखं डोमेन घेतलं होतं. त्यासाठी पैसे भरून सुरक्षा प्रमाणपत्रही मिळवलं होतं. म्हणजेच ब्राउझरमधलं कुलुपाचं चिन्ह इथे कुणालाच वाचवू शकलं नाही. ते चिन्ह एवढंच सांगतं की माहिती वाटेत कुणी वाचू शकत नाही. ती कुणाच्या हातात पडतेय, याची हमी ते देत नाही.

चोर आत शिरले कुठून?

ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयानं केलेल्या चौकशीतून याचं उत्तर मिळालं. कंपनीसाठी काम करणाऱ्या एका बाहेरच्या पुरवठादाराच्या कर्मचाऱ्याचं लॉगिन चोरांच्या हाती लागलं होतं. त्या लॉगिनला ओटीपीसारखी दुसरी पडताळणी नव्हती. पुढे आतल्या एका फाइलमध्ये ॲडमिनचा पासवर्ड साध्या अक्षरांत लिहिलेला सापडला आणि सगळे दरवाजे उघडले.

चोर २२ जून ते ५ सप्टेंबर २०१८ या काळात आत होते. कंपनीला हे स्वतःहून कळलं नाही, बाहेरच्या व्यक्तीनं कळवलं. सुमारे ४ लाख २९ हजार लोकांची माहिती धोक्यात आली. त्यातल्या सुमारे २ लाख ४४ हजार जणांचं नाव, पत्ता, कार्ड नंबर आणि सीव्हीव्ही चोरांना मिळाल्याचा अंदाज आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये कंपनीला २ कोटी पौंडांचा दंड झाला.

या सगळ्यात फारसं चमत्कारिक हॅकिंग नव्हतं. दुकानाच्या किल्ल्या कुणाकुणाकडे आहेत, याचा हिशेब नव्हता. छोट्या दुकानांचं दुखणं बहुतेक वेळा हेच असतं.

भारतात कार्डचा धोका कमी आहे का?

काही प्रमाणात, हो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे १ ऑक्टोबर २०२२ पासून भारतातल्या दुकानांना ग्राहकांचे कार्ड तपशील साठवून ठेवता येत नाहीत. त्याऐवजी 'टोकन' वापरलं जातं. शिवाय देशातल्या ऑनलाइन कार्ड व्यवहारांना साधारणपणे ओटीपी लागतो.

पण चोरण्यासारखं बाकी बरंच असतं. ग्राहकांची नावं, पत्ते, मोबाइल नंबर आणि ऑर्डरचे तपशील चोराला मिळाले, की तो ग्राहकाला फोन करून सांगू शकतो, "तुमची कालची ऑर्डर अडकलीय, लिंकवर १० रुपये भरा." ऑर्डर खरी असल्यामुळे ग्राहक विश्वास ठेवतो. ॲडमिनचा पासवर्ड मिळाला तर पैसे घेण्याच्या सेटिंगमध्येच बदल करता येतो. दुकान सुरू, ऑर्डर येतायत, पण पैसे भलत्याच खात्यात. काही हल्ल्यांत खऱ्या पेमेंट पेजच्या आधी हुबेहूब खोटा फॉर्म दाखवला जातो.

दुकान वाचवायचं कसं?

१. किल्ल्यांची यादी करा. ॲडमिन पॅनल, होस्टिंग, डोमेन, पेमेंट गेटवे आणि या सगळ्यांशी जोडलेला ईमेल, अशा पाच ठिकाणी कोण कोण शिरू शकतं ते कागदावर लिहा. साइट बनवणारा फ्रीलान्सर, सोडून गेलेला कर्मचारी, जुनी मार्केटिंग एजन्सी यांचे लॉगिन बंद करा. डोमेन तुमच्याच नावावर आहे का, तेही पाहा.

२. पाचही ठिकाणी वेगळा पासवर्ड आणि दुहेरी पडताळणी ठेवा. सुरुवात ईमेलपासून करा, कारण बाकी सगळ्यांचा पासवर्ड बदलण्याची लिंक तिथेच येते.

३. कार्डचा फॉर्म स्वतःच्या साइटवर ठेवू नका. ग्राहकाला थेट गेटवेच्या पेजवर पाठवा.

४. प्लगइन कमी करा आणि उरलेले अपडेट ठेवा. शॉपिफायसारख्या तयार सेवेत सर्व्हरची काळजी कंपनी घेते. वर्डप्रेसवरचं वूकॉमर्स किंवा मॅजेंटो स्वतःच्या होस्टिंगवर असेल, तर ही जबाबदारी तुमची. फुकटात मिळालेलं 'क्रॅक' केलेलं थीम किंवा प्लगइन अजिबात टाकू नका, त्यात चोरवाट असण्याची शक्यता मोठी असते.

५. अपडेटनंतर किल्ल्याही बदला. जून २०२४ मध्ये मॅजेंटोमधल्या एका गंभीर त्रुटीवर ॲडोबीनं दुरुस्ती दिली. तरीही त्यानंतरच्या काही महिन्यांत ४ हजारांहून जास्त दुकानं हॅक झाली. काहींनी दुरुस्ती उशिरा केली. काहींनी वेळेत केली, पण त्याआधीच चोरीला गेलेली गुप्त किल्ली बदलली नाही. कुलूप दुरुस्त झालं, पण चोराकडची किल्ली चालूच राहिली.

६. बॅकअप वेगळ्या ठिकाणी ठेवा. त्याच सर्व्हरवरचा बॅकअप साइटबरोबरच जातो. महिन्यातून एकदा तो परत सुरू होतो का, तेही तपासा.

७. फोनवर विश्वास ठेवू नका. एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटनच्या मार्क्स अँड स्पेन्सरवर झालेल्या हल्ल्यात चोरांनी दुसऱ्याच कुणाचं तरी सोंग घेऊन प्रवेश मिळवला. कंपनीला ऑनलाइन ऑर्डर सुमारे दीड महिना बंद ठेवाव्या लागल्या आणि नफ्याला सुमारे ३० कोटी पौंडांचा फटका बसेल, असा अंदाज तिनं दिला. "होस्टिंग कंपनीतून बोलतोय, आलेला ओटीपी सांगा," असा फोन आला तर ठेवून द्या आणि कंपनीच्या अधिकृत नंबरवर स्वतः फोन करा.

हल्ला झालाच तर?

आधी दुकान 'मेंटेनन्स'वर टाका, म्हणजे आणखी ग्राहक अडकणार नाहीत. गेटवेला कळवून जुन्या एपीआय किल्ल्या रद्द करा. सगळे पासवर्ड बदला, पण नेहमीच्या कॉम्प्युटरवर शंका असेल तर दुसऱ्यावरून. साइट घाईघाईनं पुसून टाकू नका, लॉग आणि फाइल्सची प्रत पुरावा म्हणून लागते.

पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितक्या लवकर तक्रार, तितकी पुढच्या खात्यांत पैसे गोठवण्याची शक्यता जास्त. लेखी तक्रार केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर करता येते. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणं बंधनकारक आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये तर सुरक्षेची पुरेशी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

आणि ग्राहकांना सांगा. काय चोरीला गेलंय, त्यांनी कुठल्या फोन-मेसेजपासून सावध राहायचं, हे साध्या शब्दांत कळवा. लपवलं, तर पहिला खोटा फोन आल्यावर त्यांना ते कळणारच आहे, आणि तेही चोराकडून.

यादीतली पहिली दोन कामं बिनखर्चाची आणि तासाभरात होणारी आहेत. ऐन सीझन सुरू व्हायच्या आधी तेवढी तरी उरकून घ्या.