तलावावर बोटिंगला जाताय? आधी कॅमेऱ्याचं लोकेशन बंद करा

आमचा गोंदिया म्हणजे तलावांचा जिल्हा. समुद्र शेकडो किलोमीटर लांब, पण नवेगावबांध, बोदलकसा, चोरखमारा अशा तलावांवर हिवाळ्यात दूरदेशीची बदकं उतरतात. सारस तर महाराष्ट्रात आता मुख्यतः इथे आणि शेजारच्या भंडाऱ्यातच उरलेत, तेही मोजके. त्यांच्या घटत्या संख्येची 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली होती. बोटीतून प्लॅस्टिक पाण्यात टाकायचं नाही, हे आता शाळेतली पोरंही सांगतात. पण बोटीत बसलेल्या आपल्या हातातला फोन काय करतो, याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

फोटोत लपलेला पत्ता

फोनने काढलेल्या फोटोत चित्रासोबत आणखी माहिती साठवली जाते: तारीख, वेळ, फोनचं मॉडेल आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश. या माहितीला एक्सिफ म्हणतात. शहरात इमारतींमुळे जीपीएस थोडं चुकतं. तलावावर मात्र डोक्यावर मोकळं आकाश असतं, त्यामुळे साधारण 5 मीटरपर्यंत अचूक जागा मिळते. अक्षांशात दशांश चिन्हानंतर चार आकडे असले तरी जागा 11 मीटरच्या आत सापडते. दोनच आकडे ठेवले, तर तीच जागा किलोमीटरभर पसरते.

आता हे सारसाला लावून बघा. तो पावसाळ्यात तलावाच्या उथळ काठावर किंवा थेट धानाच्या बांधीत घरटं करतो. बहुतेक वेळा दोनच अंडी, आणि उबवायला महिनाभर. अशा घरट्याचा नेमका पत्ता ग्रुपमध्ये फिरला की रविवारी लोक बघायला येणारच. जोडी उठून बाजूला झाली की अंडी कावळ्याकुत्र्यांना मोकळी, आणि ज्याची बांधी आहे त्याचं धान तुडवलं जातं ते वेगळंच.

अँड्रॉइडवर कॅमेरा ॲपच्या सेटिंगमध्ये लोकेशन सेव्ह करण्याचा पर्याय असतो, तो बंद करा. आयफोनवर सेटिंग, प्रायव्हसी, लोकेशन सर्व्हिसेस, मग कॅमेरा आणि तिथे ‘नेव्हर’. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर एक्सिफ निघून जातं, पण क्वालिटी टिकावी म्हणून तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की पत्ता जसाच्या तसा पोचतो. आणि सगळं बंद करून खाली गावाचं नाव आणि ‘देवळामागचा तलाव’ असं लिहिलंत, तर सेटिंगचा उपयोग शून्य!

नोंद करायचीच असेल तर आयनॅचरलिस्ट वापरा. तिथे जागा ‘ऑब्स्क्युअर्ड’ ठेवता येते. मग इतरांना नेमका बिंदू न दिसता साधारण वीसेक किलोमीटर बाजूचा चौकोन दिसतो. अभ्यासाला माहिती मिळते, घरटं सुरक्षित राहतं. मला ही सोय फार आवडते.

लोकेशन लपवणं हा मात्र सगळीकडचा नियम नाही. आपल्याच राज्यात, कोकण किनाऱ्यावर, फोटो हाच पुरावा असतो. जाळ्यात कासव किंवा देवमासा यांसारखा संरक्षित जीव अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून तो सोडला, तर डिसेंबर 2018 पासूनच्या सरकारी योजनेत 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी सुटकेचे फोटो किंवा व्हिडिओ लागतात.

झूम, लाट आणि आवाज

फोटो चांगला यावा म्हणून नावाड्याला ‘दादा, अजून जरा पुढे घ्या’ म्हणणारे खूप. बऱ्याच फोनमध्ये 10 एक्स झूम म्हणजे फोटोचा मधला तुकडा कापून मोठा केलेला असतो, त्यामुळे मन भरत नाही आणि बोट पुढे सरकते. त्यापेक्षा दुर्बिणीच्या भिंगाला फोनचा कॅमेरा टेकवून बघा. थोडा सराव लागतो, पण लांबूनही बरा फोटो मिळतो. पक्ष्यांनी माना वर केल्या की तिथेच थांबायचं. ते उडाले, तर साठवलेली ताकद फुकट जाते.

मोटरबोट असेल तर वेगाचंही बघा. लाटेची उंची दुप्पट झाली की तिची ऊर्जा चौपट होते. कमलपक्षी पावसाळ्यात तरंगत्या पानांवर अंडी घालतो, त्याला एवढी लाट पुरते. वल्ह्याची नाव मिळत असेल तर तीच घ्या, पाण्यात तेलही जात नाही.

मर्लिन ॲपमध्ये फोन नुसता ऐकतो आणि पक्ष्याचं नाव सुचवतो, ते खुशाल वापरा. त्यातली रेकॉर्डिंग मोठ्याने वाजवून पक्षी जवळ बोलवू नका. त्याला वाटतं दुसरा पक्षी हद्दीत घुसला, आणि तो अंडी सोडून भांडायला येतो. तलावावर रेंजचा भरवसा नसतो, त्यामुळे मर्लिनचा भारताचा पॅक घरच्या वायफायवरच डाउनलोड करून ठेवा.