शिरोड्याचे मीठ आणि वहिनींची गोळी

"आमी रोज म्हावरा खातंव, आमका थायरॉइड कसो होतलो?" मालवणच्या बाजारात, दवाखान्याच्या बाकावर, लग्नाच्या पंगतीत हे मी इतक्यांदा ऐकले आहे की त्याला प्रश्न म्हणवत नाही; तो निकालच असतो. त्याचे शेपूट असे: पाकिटातले मीठ आले नि हे दुखणे आले, पुन्हा मिठागराचे जाडे मीठ धरा, गोळी सुटेल. बोलणारे अडाणी नसतात. आमच्या वहिनी निवृत्त शिक्षिका आहेत.

पूर्वपक्षात तथ्य आहे, ते आधी मान्य करू. थायरॉइड ग्रंथीला आयोडीन लागते, समुद्राच्या मासळीत ते असते आणि गलगंडाचा जुना मुलूख म्हणजे हिमालयाचा पायथा, कोकण नव्हे. देशातल्या आठ ठिकाणांच्या 2013 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीतही मंद थायरॉइडचे प्रमाण किनाऱ्यावर कमीच निघाले. पण कमी म्हणजे किती? आतल्या शहरांत सुमारे पावणेबारा टक्के, किनाऱ्यावर साडेनऊच्या घरात. त्या किनाऱ्यात आपला शेजारी गोवाही होता. दर दहा-अकरा प्रौढांमागे एक, याला 'आमका कसो होतलो' म्हणता येत नाही.

मिठाचा हिशेब तर त्रैराशिकाचा आहे, वहिनींनीच शिकवला असेल. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार आणि 50 ते 60 मायक्रोग्रॅम आयोडीन. ते सगळे मिठात उतरले असे धरले तरी 10 ग्रॅम मिठातून जेमतेम 17 मायक्रोग्रॅम मिळेल; प्रौढाची रोजची गरज 150. आणि सगळे उतरत नाहीच. मिठाचे खडे धरतात तेव्हा आयोडीन बहुतांशी मागे उरलेल्या कडू पाण्यात राहते. पाकिटातल्या मिठात मात्र ग्राहकाच्या हाती पडताना ग्रॅमला निदान 15 मायक्रोग्रॅम असावे असा नियम आहे. म्हणजे 10 ग्रॅमला बरोबर 150. शिरोड्याच्या मिठागरावर 1930 साली सत्याग्रह झाला, त्या मिठाचा अभिमान मलाही आहे. अभिमानाने आयोडीन वाढत नाही.

खरी गफलत हिशेबाच्याही आधीची आहे. आयोडीन कमी पडून ग्रंथी मंदावते तो एक रोग. आज आपल्याकडे दिसतो तो बहुधा दुसराच: शरीराची राखणदार यंत्रणा स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते आणि तिला हळूहळू निकामी करते. हाकारू हाशिमोतो या जपानी शल्यविशारदाने 1912 साली चार स्त्रियांच्या ग्रंथींतला हा बिघाड वर्णन केला. कारण उलगडायला 1956 उजाडले. जातेच फुटले तर वैरण वाढवून पीठ कसे यावे? उलट, आयोडीनचा अतिरेकही ग्रंथीला बाधतो. जपानातच, होक्काइदोच्या किनाऱ्यावर, कोंबू नावाचे समुद्रशेवाळ भरपूर खाणाऱ्यांत गलगंड आढळला. तेही समुद्राकाठीच राहत होते!

वहिनींचा हुकमी एक्का वेगळाच होता. "चतुर्थीत पंधरा दिवस गोळी घेतली नाही. काय झालं? काही नाही." हे खरे, आणि म्हणूनच फसवे. या गोळीतले औषध, लेव्होथायरॉक्सिन, अंगातून निम्मे कमी व्हायला साधारण आठवडा लागतो. पंधरा दिवसांनीही पाव हिस्सा शिल्लक असतो. थकवा, बद्धकोष्ठ, अंगावर सूज, केस गळणे हे सावकाश येते, आणि तोवर दोष वयाला किंवा सुनेला लागलेला असतो. टीएसएचवर, म्हणजे ग्रंथी मंदावली की रक्तात चढणाऱ्या संप्रेरकावर, परिणाम पाहायलाही म्हणून सहा ते आठ आठवडे थांबतात.

मग त्यांची बाटली पाहिली. चुलीच्या वरच्या फळीवर, कोकमाच्या आगळाशेजारी, झाकण अर्धवट. पावसाळ्यात मीठ पाझरते त्या फळीवर ही गोळी, जिला ऊब, दमट हवा आणि उजेड तिन्ही सोसत नाहीत. घ्यायच्या कशी, तर पहाटे दुधाच्या चहाबरोबर, लगेच कॅल्शियम. खरे तर ती घ्यायची नुसत्या पाण्याबरोबर, चहाआधी अर्धा-पाऊण तास. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तासांनी. केसांसाठी बायोटिन चालू असेल तर रक्त देण्याआधी दोन दिवस ते बंद ठेवायचे, नाहीतर टीएसएचचा आकडाच खोटा येऊ शकतो.

एका बाबतीत मी गोळीविरोधकांच्या बाजूचा आहे. पासष्टीपुढे टीएसएच थोडेसेच चढलेले, बाकी रक्त नीट, अशा माणसांना गोळीने बरे वाटत नाही, असे 2017 साली युरोपातल्या 737 वृद्धांवरच्या चाचणीत दिसले. कागदावरचा लाल आकडा पाहून लगेच बाटली हाती देणे घाईचे. वहिनींची गोष्ट तशी नाही. त्यांचा आकडा चाळिशीपार होता.

बाटली आता आतल्या खोलीतल्या कपाटात गेली आहे. शिरोड्याचे जाडे मीठ बरणीतच आहे. मे महिन्यात त्यात बांगडे खारवले.