जड तिजोरीचा प्रवास

घर बदलताना सगळे सामान गेले तरी एक वस्तू मागे राहते. ती म्हणजे तिजोरी. भांडीकुंडी, पलंग, कपाटे दोघातिघांनी उचलून नेता येतात. तिजोरी मात्र कोणी उचलत नाही, ती 'हलवावी' लागते. भाषेतला हा फरक बारकाईने पाहण्यासारखा आहे, कारण त्यात बलविज्ञानाचा एक मोठा धडा दडलेला आहे आणि त्या धड्याला इतिहासही आहे. हा इतिहास पाहण्यासाठी मनमाडसारखे गाव फार सोयीचे. मनमाडचा अलीकडचा सारा इतिहासच ओझी एका जागेवरून दुसऱ्या जागी नेण्याचा आहे.

मनमाडच्या जुन्या बाजारपेठेतल्या एखाद्या वाड्यात आजोबांच्या काळापासून असलेली तिजोरी आपण कल्पनेत घेऊ. ती आता गावातल्याच नव्या घरी न्यायची आहे. अंतर फार तर एक किलोमीटर. पण त्याआधी ती मुंबईहून २६० किलोमीटर प्रवास करून इथे आली होती, हे विसरून चालणार नाही.

तिजोरी इतकी जड का?

एक मीटर उंच, ६० सेंटिमीटर रुंद आणि तेवढीच खोल अशी पेटी धरा. तिच्या सहा बाजूंचे क्षेत्रफळ होते ३.१२ चौरस मीटर. एक सेंटिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ७८ किलो भरते. म्हणजे नुसत्या बाहेरच्या कवचाचेच वजन २४० किलोच्या पुढे गेले. हा झाला चोरासाठीचा बंदोबस्त.

आगीसाठीचा बंदोबस्त वेगळा असतो. पोलाद उष्णतेचे चांगले वाहक आहे, त्यामुळे नुसत्या लोखंडी पेटीतले कागद आगीत भाजून निघतात. यावर इंग्लंडमध्ये थॉमस मिल्नर याने १८४० साली एक युक्तीचे पेटंट घेतले. पेटीला दोन भिंती करायच्या आणि मधल्या पोकळीत तुरटीसारखा पदार्थ भरायचा. तुरटीच्या स्फटिकात पाणी बांधलेले असते. तिचा रेणुभार ४७४, त्यातले पाणी २१६. म्हणजे तुरटीच्या वजनाचा जवळजवळ ४६ टक्के भाग पाणीच! आग लागली की हे पाणी सुटते, त्याची वाफ होते आणि ती होत असेपर्यंत आतले तापमान शंभर अंशांच्या आसपास रेंगाळते. कागद काळवंडायला त्याहून बरेच जास्त तापमान लागते. पुढे अनेक कारखान्यांनी याच कल्पनेवर निरनिराळी भरणे वापरली. आपल्या पेटीत असे पाच सेंटिमीटर जाडीचे भरण असेल, तर आणखी शे-सव्वाशे किलो वाढतात. आतला पत्रा, कप्पे आणि कुलपाची यंत्रणा धरून वजन ४०० किलोच्या घरात जाते.

मुंबईत सुरुवातीला अशा तिजोऱ्या इंग्लंडहून बोटीने येत. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली लालबागला कुलपांचा कारखाना काढला आणि थोड्याच वर्षांत तिजोऱ्याही तिथे बनू लागल्या. तेव्हापासून 'तिजोरी' या शब्दाबरोबर देशी कारखान्याचे नाव मराठी घरात रुळले.

शत्रू वजन की घर्षण?

आता ही ४०० किलोची वस्तू हलवायची कशी? सपाट जमिनीवर नेताना तिचे वजन पेलण्याचे काम जमीनच करते. माणसाला झगडायचे असते ते घर्षणाशी. फ्रान्समध्ये ग्योम आमोंताँ याने १६९९ साली घर्षणाचे दोन नियम मांडले. घर्षण दाबाच्या प्रमाणात वाढते आणि टेकलेल्या क्षेत्रफळावर ते अवलंबून नसते. शार्ल कूलाँ याने १७८५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात यात महत्त्वाची भर घातली. वस्तू सुरू करताना लागणारे बल ती चालू ठेवताना लागणाऱ्या बलापेक्षा जास्त असते, आणि लाकडासारख्या पदार्थांत दोन पृष्ठभाग जितका वेळ टेकून राहतील तितके हे सुरुवातीचे घर्षण वाढते. आपण 'तिजोरीने जागा धरली' म्हणतो, ते अगदीच खोटे नाही.

शहाबादी फरशीवर ४०० किलोची तिजोरी सरकवायला साधारण १६० ते २०० किलो वजन पेलण्याएवढे बल लागेल. एक माणूस फार तर २०-३० किलोएवढा रेटा सतत देऊ शकतो. म्हणजे सात-आठ माणसे हवीत, आणि सर्वांचा जोर एकाच क्षणी लागायला हवा. 'जोर लगाके हैश्या' ही आरोळी त्यासाठीच असते. सुरुवातीचे घर्षण मोडायचे तर सगळी बले एका क्षणी एकवटली पाहिजेत. पण तिजोरीभोवती आठ माणसांना उभे राहायला जागाच नसते.

म्हणून हमाल पहार आणतात. दीड मीटरच्या पहारीचे टोक तिजोरीखाली सारून टोकापासून १० सेंटिमीटरवर टेकू दिला, तर दोन भुजा १० आणि १४० सेंटिमीटरच्या होतात. तिजोरीची एकच कड उचलायची असल्याने निम्मे वजन, म्हणजे २०० किलो, तोलायचे असते. त्याला १४ ने भागले की हातावर येतात फक्त १४ किलो. अर्थात फुकट काही मिळत नाही. हात २८ सेंटिमीटर खाली जातो तेव्हा कड जेमतेम दोन सेंटिमीटर वर उठते. पण लोखंडी नळी आत सरकवायला तेवढी फट पुरते.

खाली फळी आणि फळीवर तीन-चार नळ्या आल्या की चित्र पालटते. घसरण्याच्या जागी लोटणे आले. आता दहा-पंधरा किलोच्या रेट्याने तीच तिजोरी चालू लागते. वजन एका ग्रॅमनेही कमी झाले नाही, बदलले ते फक्त जमिनीशी असलेले तिचे नाते.

इथे एक मौज आहे. नळी जमिनीवर एक हात पुढे जाते तेव्हा तिच्यावरची तिजोरी दोन हात पुढे गेलेली असते. त्यामुळे मागची नळी सारखी मोकळी पडते आणि एका माणसाला ती उचलून पुढे मांडत राहावे लागते. ही कटकट मिटवायची तर नळी वस्तूलाच जोडायला हवी, म्हणजेच आस आणि चाक हवे.

चाक आहे, रस्ता नाही

पण नुसत्या चाकाने भागत नाही. खालची जमीन कठीण आणि सपाट नसेल तर चाक रुतते. विजापूरची 'मलिक-ए-मैदान' तोफ १५४९ साली अहमदनगरात (आताचे अहिल्यानगर) ओतली गेली. तिचे वजन सुमारे ५५ टन मानले जाते. ती परांड्याच्या किल्ल्यावरून १६३२ साली विजापूरला नेण्यात आली. त्यासाठी ४०० बैल, १० हत्ती आणि शेकडो माणसे लागली असे परंपरा सांगते. आकडे थोडेफार फुगलेले असतील, पण अडचण खरी आहे. काळ्या मातीच्या मुलखात ओझे ओढताना बरीचशी शक्ती मातीतून वाट काढण्यातच खर्च होते.

लोखंडी चाक लोखंडी रुळावर आले तेव्हा हा प्रश्न सुटला. रुळावर एक टन ओझे चालू ठेवायला एक-दोन किलोएवढे बल पुरते. मुंबईहून निघालेल्या आमच्या तिजोरीच्या वाट्याला सपाटीवर एक किलोचासुद्धा विरोध येत नव्हता. मात्र कसारा ते इगतपुरी या थळ घाटात चढ ३७ ला १ असा आहे. तिथे वजनाचा सदतिसावा भाग, म्हणजे जवळजवळ ११ किलो, मागे ओढत असतो. सपाटीपेक्षा हा विरोध दहा-वीस पट आहे. घाटात गाडीला मदतीची जादा इंजिने का लावतात, ते या साध्या भागाकारातून कळते.

मनमाडचे ६७६ मिलिमीटर

जी.आय.पी. रेल्वेचा मार्ग १८६० च्या दशकात मनमाडहून पुढे भुसावळकडे गेला. नंतर दौंडकडून येणारा फाटा इथे मिळाला आणि १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यातून हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे येऊन पोचली. पण ही तिसरी लाइन मीटर गेजची होती. जी.आय.पी.च्या रुळांतले अंतर १६७६ मिलिमीटर आणि हिचे १०००. फरक ६७६ मिलिमीटरचा.

या फरकाचा अर्थ असा की, मुंबईहून औरंगाबादकडे (आताचे छत्रपती संभाजीनगर) किंवा जालना-परभणीकडे जाणारा डबा मनमाडच्या पुढे जाऊच शकत नव्हता. धान्य, कापूस, यंत्रे, तिजोऱ्या असा सगळा माल एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावा लागे. चाक आणि रूळ यांनी शेकडो किलोमीटरवरचे घर्षण जवळजवळ पुसून टाकले होते, पण दोन फलाटांमधल्या काही पावलांसाठी ते सारे ओझे पुन्हा माणसाच्या पाठीवर येत होते. हा मार्ग रुंद झाला तो १९९० च्या दशकात. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षे या ६७६ मिलिमीटरची किंमत हमालांच्या पाठीने मोजली.

आणि ओझे कोणी उचलायचे, हेही केवळ ताकदीवर ठरत नव्हते. फेब्रुवारी १९३८ मध्ये याच मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्षस्थानी होते. त्यांनी दाखवून दिले की, रेल्वेत अस्पृश्य कामगार गँगमनच्या कामातच अडकून पडतो. त्याला साधा पोर्टर म्हणूनही घेतले जात नाही, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरची कामेही करून घेतो आणि त्या घरात अस्पृश्य चालत नाही. ज्या रुळांमुळे सगळ्यांची ओझी हलकी झाली, ते रूळ उन्हातान्हात नीट ठेवणाऱ्याला फलाटावरचे ओझे उचलण्याची नोकरीही नाकारली जात होती. चाकाने घर्षण कमी केले, पण समाजातली अशी अडवणूक त्याच्याने दूर होणार नव्हती. तिच्यासाठी संघटना लागली आणि कायदा लागला.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली एका प्रौढ पुरुषाने हाताने वाहायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केली. महाराष्ट्रात अण्णासाहेब पाटील यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या चळवळीनंतर १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. एकेकाळी क्विंटलभराचे पोते एकट्याच्या पाठीवर देत. आज सरकारी गोदामात धान्याचे पोते ५० किलोचे असते. मनमाडला अन्न महामंडळाचे मोठे गोदाम असल्याने हा फरक इथल्या मुलांना घरातच विचारून कळू शकेल.

जिन्यावरची परीक्षा

परत आपल्या वाड्याकडे वळू. खरा धोका जिन्यात आणि उंबऱ्यात असतो. घर्षण वजनाच्या निम्मे असेल, तर ६० सेंटिमीटर खोलीची तिजोरी ६० सेंटिमीटरपेक्षा जास्त उंचीवर रेटली की सरकण्याऐवजी कलंडते. म्हणून जाणता हमाल खाली बसून रेटतो. दार जड असल्याने तिजोरीचा गुरुत्वमध्य पुढच्या बाजूला असतो, आणि दार उघडे राहिले तर तो आणखी पुढे जातो. त्यामुळे आतला ऐवज काढून घेऊन दार कुलूपबंद करायचे आणि वर दोर आवळायचा, हा नियम.

जिन्यावर फळ्या टाकून तिजोरी उतरवताना दोरखंडाचे दोन वेढे वाड्याच्या सागवानी खांबाला देतात. दोर आणि खांब यांतले घर्षण ०.३ धरले, तर दोन वेढ्यांमुळे ताण जवळजवळ ४३ पटींनी कमी होतो. खाली ओढणारे २०० किलोचे बल वरचा माणूस पाचेक किलोच्या जोराने धरून ठेवतो. हे गणित ऑयलरने अठराव्या शतकात मांडले. जमिनीवर ज्या घर्षणाशी वैर होते, तेच खांबावर रखवालदार होते. तरीही उतरत्या तिजोरीच्या खालच्या बाजूला कोणीही उभे राहायचे नाही. तीन मीटरवरून सुटलेल्या ४०० किलोमध्ये जवळपास १२,००० ज्यूल ऊर्जा असते, आणि ती हातांनी अडवता येत नाही.

वर्गात करून पाहा

एका जाड पुस्तकाला दोरा बांधून स्प्रिंगकाट्याने टेबलावर ओढा. सुरू होतानाचे आणि सरकत असतानाचे माप वेगवेगळे नोंदवा. मग पुस्तकाखाली चार गोल पेन्सिली ठेवून पुन्हा ओढा. पेन्सिल किती पुढे गेली आणि पुस्तक किती, तेही मोजा. शेवटी दोऱ्याचा एक, दोन, तीन वेढे गोल दांड्याला देऊन टोकाला टांगलेले वजन धरायला किती बल लागते, त्याचा तक्ता करा. हा तक्ता सरळ रेषेत वाढत नाही, हे मुलांना स्वतःच दिसू द्या.

आणखी एक करता येईल. गावातल्या एखाद्या अनुभवी हमालाला तासाभरासाठी वर्गात बोलवा. पहार कुठे लावायची, टेकू कशाचा घ्यायचा, दोर केव्हा ढिला सोडायचा, हे त्याला विचारा. त्याची उत्तरे आणि पुस्तकातली सूत्रे मुलांना फळ्यावर शेजारी शेजारी लिहू द्या. त्याच्या कामातले किती आपल्या पुस्तकात आले आहे आणि किती अजून यायचे आहे, हे त्यांना तिथे दिसेल.