खोली नोकरीची, माणूस मुंबईचा

1896च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग उघड झाला आणि मुंबई रिकामी होऊ लागली. रोग्यांना सक्तीने इस्पितळात हलवण्याचे नियम महापालिकेने तातडीने काढले खरे, पण ते पुऱ्या जोराने राबवायला आयुक्त स्नो कचरले. कारण त्यांच्याच अहवालात आहे. या धाकाने हलालखोर आणि झाडूवाले गावी पळाले, तर मैला तुंबून शहरात राहणेच अशक्य होईल, ही त्यांची धास्ती होती. शेठ-सावकार, वकील, कारकून हजारोंनी गेले तरी शहर कसेबसे तगले असते. मैला उचलणारा गेला असता तर नाही. ज्यांच्यावाचून अडते त्यांना डोक्यावर छप्पर द्यावे, हे त्यानंतर मुंबईने मान्य केले. मात्र बहुतेक वेळा हे छप्पर नोकरीला बांधून दिले. अत्यावश्यक सेवकांच्या घरांचा प्रश्न शंभर वर्षे भिजत पडला, तो खोल्या लहान होत्या म्हणून कमी आणि नोकरीशी घातलेल्या या गाठीमुळे अधिक, असे माझे मत आहे.

प्लेगनंतर 1898 साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाटीची वस्ती पाडून रुंद रस्ते काढायचे आणि उठवलेल्यांना घरे द्यायची, असे त्याचे काम होते. पाडापाडी जोरात झाली, बांधकाम मागे रेंगाळले. तरी ट्रस्टच्या बीआयटी चाळींत एक गुण होता. तिथला भाडेकरू कोणाचा नोकर आहे यावर त्याची खोली अवलंबून नव्हती. परळच्या दामोदर हॉलजवळच्या बीआयटी चाळीत रामजी सुभेदारांचे कुटुंब राहायला आले तेव्हा सुभेदार निवृत्त होते आणि मुलगा शिकत होता. पुढे तोच मुलगा सिडनहॅममध्ये प्राध्यापक झाला, बॅरिस्टर झाला, चळवळीचा पुढारी झाला. राजगृह उभे राहीपर्यंत डॉ. आंबेडकरांचा मुक्काम त्याच दोन खोल्यांत होता. ती खोली सुभेदारांच्या नोकरीची असती, तर कुटुंबाला बिऱ्हाड कधीच हलवावे लागले असते.

बीडीडी चाळींची गोष्ट वेगळी. 1920 साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढले. गिरणीकामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायच्या आणि खर्चासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गासडीवर एक रुपया कर घ्यायचा, अशी योजना होती. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून 207 चाळी झाल्या. प्रत्येक चाळ तळमजला धरून चार मजल्यांची. मजल्याच्या मधोमध भरदिवसाही अंधारी बोळ, तिच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या, खोली सुमारे 160 चौरस फुटांची, संडास सामाईक. सरकारने एवढे बांधले, पण कामगार आले नाहीत! गिरणगावातल्या जुन्या खोलीपेक्षा भाडे जड आणि वरळी तेव्हा आडबाजूला, त्यामुळे तिथल्या कितीतरी खोल्या वर्षानुवर्षे ओस राहिल्या. कायदेभंगाच्या काळात त्यांतल्या काही चाळींचा तुरुंग झाला, आणि सरकारला अखेर तिथे राहणारे सापडले ते असे. घर स्वस्त आहे की नाही हे नुसत्या भाड्यावर ठरत नाही, भोंग्याला गिरणीच्या दारात पोचता येते का यावरही ठरते, हे त्या रिकाम्या खोल्यांनी दाखवले.

पुढे या चाळी भरल्या, आणि बऱ्याच खोल्या पोलिसांकडे सेवानिवासस्थान म्हणून गेल्या. अशा घरात अंतराचा प्रश्न सुटतो, बंदोबस्ताला शिपाई हाकेच्या अंतरावर मिळतो. पण तीस-पस्तीस वर्षे काढल्यावर निवृत्तीच्या महिन्यात त्याला खोली सोडायची असते, आणि त्या वेळच्या फंडात मुंबईत दुसरी खोली येत नाही. मग तगादे, दंडाचे भाडे, अर्ज-विनंत्या. सफाई कामगारांच्या वसाहतींत याचे आणखी कडू रूप दिसते. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार वारसाला बापाची नोकरी मिळते, आणि नोकरीबरोबर घर टिकते. शिकलेल्या मुलानेही झाडू हातात घ्यावा, यासाठी याहून मोठा दबाव कोणता? जातीने जे काम गळ्यात बांधले, तेच घराच्या किल्लीने पुन्हा बांधले गेले.

खोली राहणाऱ्याच्या नावावर करावी, हा एक सल्ला. त्यावर रास्त आक्षेप आहे: मग नव्याने भरती झालेल्या शिपायाने कुठे राहायचे? बीडीडीच्या पुनर्विकासात हा पेच उघडा पडला. तिथल्या सुमारे सव्वादोन हजार पोलिस कुटुंबांना पाचशे चौरस फुटांचे घर पैसे घेऊन द्यायचे ठरले. 2022 सालातच आधी पन्नास लाख, मग पंचवीस, शेवटी पंधरा लाख असा आकडा उतरत गेला. त्यांच्यापुरता हा निर्णय मला न्याय्य वाटतो. पण पोलिस दलाच्या हातून गेलेल्या घरांइतकी नवी घरे दुसरीकडे बांधली नाहीत, तर आक्षेप खरा ठरेल. दुसरा सल्ला असा की घराच्या भानगडीत न पडता घरभाडे भत्ता द्यावा. भत्ता मूळ पगाराच्या टक्क्यांत मिळतो आणि भाडे जमिनीच्या भावाने चढते. म्हणून मुंबईत ड्युटी करणारा शिपाई, परिचारिका, पालिका शाळेतला शिक्षक बदलापूर-विरारची लोकल धरतो. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने तर मुख्यालयी राहतो असा ग्रामसभेचा ठरावच आणायचा, मग त्या गावात भाड्याची खोली असो वा नसो.

नोकरीत असेपर्यंत कामाजवळ भाड्याचे घर हवे, यात वाद नाही. त्याच्या जोडीला निवृत्तीनंतरच्या घराची तजवीज नोकरीच्या पहिल्या वर्षापासून व्हायला हवी. पगारातून हप्ता, सरकारी जमीन आणि घरबांधणीचे काम म्हाडाकडे, एवढ्यावर ती होऊ शकते. तसे झाले तर सेवेची खोली वेळेवर रिकामी होईल आणि रांगेतल्या पुढच्या शिपायाला मिळेल. वरळीत ऑगस्ट 2025 मध्ये पहिल्या 556 कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्या इमारतींच्या परिसरात बंदोबस्ताला येणाऱ्या नव्या शिपायाची खोली मात्र अजून कुठल्याच आराखड्यावर ठळकपणे दिसत नाही.